गंज हा शब्द मी वापरला

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची लघवी गोळा करायची एक रीत असते. निर्जंतुक कापसाचे बोराएवढे गोळे करायचे आणि बाळाच्या लंगोटात ठेवायचे. ते ओले झाले की चिमट्यानं उचलून बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचे आणि दट्ट्या दाबायचा. खाली नळीत थेंब पडतात. नळीला बाहेरून चंदेरी कागद गुंडाळलेला असतो, कारण आम्हाला जे मोजायचं असतं ते उजेडानं बिघडतं. ही रीत मला धुळ्याच्या नवजात विभागातल्या मुख्य सिस्टरांनी शिकवली. तोवर मी इतकं लहान बाळ जवळून पाहिलंच नव्हतं. त्याचा पाय माझ्या बोटाएवढा होता आणि कापूस ठेवायला पुढं केलेला हात मी पुन्हा पुन्हा मागं घेत होते. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका. त्याला तुमच्या हाताची भीती वाटत नाहीये, तुम्हालाच वाटतेय."

मी जळगावची. मेहरूणला आमचं घर, दाणाबाजारात वडिलांचं मसाल्याचं दुकान. घरात मारवाडी आणि दुकानात मराठी, अशा दोन भाषांत मी वाढले. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून अभ्यास करताना खेड्यांतून आलेल्या गिऱ्हाइकांची अहिराणी कानावर पडायची. ती मला सगळी कळायची, बोलता मात्र यायची नाही. बोलायला गेले की नक्कल केल्यासारखं वाटायचं, म्हणून मी गप्प राहायची.

डॉक्टर झाल्यावर मी पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला जीवरसायनशास्त्र घेतलं, तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही. आई म्हणाली, "हिला माणसांपेक्षा बाटल्या बऱ्या वाटतात." ते खरंच होतं. आमच्या विभागात रुग्ण येतो तो नळीतून. त्याला चेहरा नसतो, नातेवाईक नसतात. आकडा काढायचा, कागदावर लिहायचा आणि वर पाठवायचा. तो आकडा कुणाला कुठल्या शब्दांत सांगायचा ही काळजी दुसऱ्या कुणाची तरी.

प्रबंधाचा विषय आमच्या सरांनी सुचवला. लवकर जन्मलेल्या बाळांची फुप्फुसं कच्ची असतात. त्यांना ऑक्सिजन द्यावाच लागतो. पण त्याच ऑक्सिजनमधून शरीरात काही तापट, अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. मोठ्या माणसाचं शरीर त्या कणांना आवरतं. कच्च्या बाळाला ते नीट जमत नाही. पेशींतली चरबी फुटली की तिचे तुकडे लघवीत उतरतात. ती लघवी एका रसायनाबरोबर उकळत्या पाण्यात ठेवली की तिला गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद, तितकी मोडतोड जास्त. रक्त काढायला नको, कारण या बाळांच्या अंगात रक्तच ते केवढं. लघवी पुरे.

विषय ऐकून मला बरं वाटलं. रंग मोजायचा होता, कुणाला बरं करायचं नव्हतं.

सर एका बाबतीत फार कडक होते. "आईबापाची संमती नुसती सही म्हणून घ्यायची नाही," ते म्हणाले होते. "त्यांना कळेल असं सांगायचं. लपवायचं काही नाही." आमच्या संमतीपत्रावर 'ऑक्सिडेटिव्ह ताण' असे शब्द होते. मी पहिल्या एकदोन जोडप्यांना ते तसेच वाचून दाखवले. त्यांनी माना हलवल्या आणि कुठं सही करायची ते विचारलं. त्यांना काही कळलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मग मी सोपा शब्द शोधला. म्हटलं, लोखंडाला गंज चढतो ना, तसं शरीराच्या आत बारीक बारीक गंज चढतो. आम्ही लघवीला येणाऱ्या रंगावरून तो किती आहे ते मोजतो. बाळाला टोचायचं काही नाही.

हा शब्द चालला. लोकांचे चेहरे मोकळे झाले. एका आजोबांनी तर मलाच समजावलं की म्हातारपणी गुडघ्यांना लागतो तो हाच गंज. मला माझ्या शब्दाचं कौतुक वाटायला लागलं होतं.

अशात एक जोडपं आलं. सोनगीरच्या पुढच्या एका खेड्यातलं. नवरा महामार्गावरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचा; तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या. बायको वयानं लहान होती. तिचं बाळंतपण दिवस भरायच्या कितीतरी आधी, पोट कापून करावं लागलं होतं आणि ती वरच्या मजल्यावर वॉर्डात पडून होती. मुलगी झाली होती. मुलीच्या नाकात बारीक नळ्या होत्या आणि त्या नळ्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडे काढत होतं.

आई उठू शकत नव्हती म्हणून मी वडिलांशी बोलले. नवजात विभागाच्या बाहेर एक लांब बाक होता, त्यावर तो बसला होता. हातावर ठिणग्यांचे जुने डाग. मी माझं ठरलेलं सांगितलं. तो मान न हलवता ऐकत राहिला. गंज शब्द आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"गंज कशानी लागस, मॅडम?" त्यानं विचारलं.

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "ऑक्सिजनमुळे."

"म्हंजे ती नळीमा जो शे, तोच?"

"तोही. पण तो बाळाला लागतोच. त्याच्याशिवाय बाळाला श्वास घेता येणार नाही."

"हं," तो म्हणाला. थोडा वेळ काचेतून आत पाहत राहिला. मग त्यानं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मी आत गेले आणि कापूस ठेवला. दुपारनंतर नळीत थोडी लघवी जमली. तिच्यावर क्रमांक घालून मी ती आमच्या विभागातल्या थंड पेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांचा फोन आला. "खाली या. तुमचे कालचे ते भाऊ दार अडवून उभे आहेत. ऐकत नाहीत कुणाचं."

मी गेले तर तो दाराशी उभा होता. आत जात नव्हता, पण कुणाला जाऊही देत नव्हता. समोर बालरोग विभागाच्या मॅडम होत्या. रात्रपाळी संपवून त्या घरी निघाल्या होत्या आणि त्यांना थांबावं लागलं होतं. तो त्यांना शांतपणे सांगत होता, ओरडत नव्हता.

"मी वेल्डिंगनं काम करस," तो म्हणत होता. "पत्राले आम्ही रंग काबर मारतस? हवा लागाले नको म्हनीसन. हवा बंद व्हयनी का गंज थांबस. तुम्ही तर पोरना नाकमा नळी घालीसन हवा दी ऱ्हायनात."

"अहो, ती हवा नाही दिली तर ती जगणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"घरमा साधी हवा शे. मी पोरले घर लई जास."

"घरी नेली तर वाटेतच काहीतरी होईल. कळतंय का तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. बोट करण्यात राग नव्हता, साक्षीदार दाखवावा तसं ते होतं. "या मॅडमनी माले सांगं. त्या गंज मोजतस. खोटं सांगं का त्यास्नी?"

मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या दमलेल्या होत्या आणि चिडल्या होत्या, पण आवाज खाली ठेवून बोलल्या. "तू त्याला जाऊन सांग की ऑक्सिजननं काही होत नाही. एवढंच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की तो मानेल."

"पण मॅडम, होतं," मी म्हटलं.

"होतं ते मला माहीत आहे. म्हणून तर आम्ही लागतो तेवढाच देतो, वर त्या यंत्राचा आकडा बघत बसतो. पण हे सगळं त्याला आत्ता दाराशी समजावत बसायचं? त्या मुलीकडे वेळ आहे का?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मलाही माहीत होतं की एक वाक्य खोटं बोलले तर मुलगी आत राहील. आणि माझ्या मनात सरांचं वाक्य होतं, लपवायचं काही नाही. मग मी त्याच्याजवळ गेले.

"भाऊ," मी म्हटलं, "मी सांगितलं ते खरं आहे. ऑक्सिजननं थोडं नुकसान होतं. पण नळी काढली तर तुमची मुलगी जगणार नाही. दोन्ही खरं आहे. नुकसान थोडं आहे, आणि जीव जाणं हे..."

त्यानं विचारलं, "मंग तुम्ही हे पहिले काबर नही सांगं?"

मी सांगितलं होतं. बाकावर बसून स्पष्ट सांगितलं होतं की त्याच्याशिवाय श्वास घेता येणार नाही. पण त्याच्या डोक्यात गेला होता तो गंज. दुसरं वाक्य माझ्या पुस्तकातलं होतं आणि पहिलं त्याच्या रोजच्या हातातलं.

तेवढ्यात जिन्याच्या बाजूनं त्याची बायको आली. एका हातानं भिंत धरलेली, दुसरा हात टाक्यांवर. वॉर्डातल्या कुणीतरी तिला खाली काय चाललंय ते सांगितलं असावं. सिस्टर धावत गेल्या, खुर्ची आणली. ती बसली नाही. नवऱ्याला म्हणाली, "काय करी ऱ्हायनात?"

"पोरले घर लई जाऊत."

"नही."

"तुले माहीत नही. ती नळीनी गंज लागस पोरले."

"काल माले व्हीलचेअरवर आनेल व्हतं, दूध देवाले," ती म्हणाली. "माझ्यासमोर ती नळी सरकनी. जराशी. पोर काळीनिळी पडनी. सिस्टरनी नळी परत लाई तवय लाल व्हयनी. मी दखं. नळी ऱ्हाऊ द्या."

ती दम लागून शेवटी खुर्चीवर बसली. तिनं मला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्या मुलीच्या लंगोटात कापूस ठेवला होता आणि तिला माझा चेहराही माहीत नव्हता. कुणी तिला विचारलं नव्हतं. नियमाप्रमाणे एका पालकाची सही पुरत होती.

तो दारातून बाजूला झाला. मॅडम आत गेल्या. मी जायला वळले तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"मॅडम, तुम्ही ते मोजशात. मोजीसन पोरनं औषध बदलशात का?"

"नाही," मी म्हटलं. "औषध डॉक्टर ठरवतात. हे फक्त अभ्यासासाठी आहे. पुढच्या बाळांसाठी."

"आकडा जास्ती निंघना तर?"

"तरी काही बदलणार नाही."

"मंग मोजू नका," तो म्हणाला. "आमनी पोरनं मोजू नका."

हा त्याचा हक्क होता आणि संमतीपत्रावर तसं लिहिलेलंही होतं. मी वर येऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "नमुना फेकून दे. नोंदीत लिही, पालकांनी माघार घेतली. कारण लिहायची गरज नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "गंज हा शब्द वाईट नव्हता. तो माणूस नेमका गंजाचं काम करणारा निघाला."

त्यांना मला हसवायचं होतं. मला हसू आलं नाही. मी थंड पेटीतून ती नळी काढली. चंदेरी कागद सोडवला. आत फिकट पिवळं, गोठलेलं, नखाएवढं. ते वितळेपर्यंत मी बेसिनपाशी उभी राहिले. उकळत्या पाण्याचं भांडं शेजारीच चालू होतं, दुसऱ्या बाळांचे नमुने त्यात होते. एक जास्तीची नळी त्यात ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं. मला तो रंग बघायचा होता, हे खरं आहे. पण मी पाणी सोडलं आणि ते ओतून दिलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला खाली जायला नको वाटायचं. नव्या पालकांसमोर बसले की तोंडातून वाक्य निघायचं नाही. गंज म्हणायचं नव्हतं आणि ताण म्हटलं तर पुन्हा कुणाला काही कळणार नव्हतं. एका बाईंना मी इतकं लांबण लावून सांगितलं की त्या शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्हाला काय पाहिजे ते घ्या, पण माझ्या लेकराला वाचवा." ती सही मी घेतली, पण त्या बाळाचा कापूस ठेवताना मला आपण काहीतरी चोरतोय असं वाटत राहिलं. घरी फोनवर आईनं विचारलं, जेवतेस ना? मी हो म्हटलं. वसतिगृहाच्या मेसमधली भाकरी मला तेव्हा गिळवत नव्हती.

त्या वेल्डिंगवाल्याची बायको मात्र मला रोज दिसायची. टाके सुकल्यावर ती बाळांच्या आयांसाठीच्या खोलीत राहायला आली होती. तिथं चारपाच जणी कायम असायच्या. वाटीत दूध काढायच्या, ते नळीतून बाळांना दिलं जायचं. दुपारी बाळाला छातीशी उघड्या अंगावर धरून बसायच्या. मी दारावरून जाताना ती मान वर करून बघायची. मी मान खाली घालून पुढं जायची. एक दिवस तिनं हाक मारली.

"ताई, इकडे या ना."

मी गेले. मुलगी तिच्या छातीवर होती, डोक्यावर विणलेली टोपी, नाकात अजून नळी. आईच्या श्वासाबरोबर तीही वरखाली होत होती.

"तो कापूस फेकी दिधा का?" तिनं विचारलं.

"हो. तुमच्या यजमानांनी नको म्हटलं ना."

"मोजं नही?"

"नाही."

"मी मोजू देती," ती म्हणाली. "माले इचारतात तर मी हो म्हनती. आते मोजता येई का? मी त्यास्ले सांगाव नही."

नियमानं तिची संमतीही चालली असती. पण नवरा नको म्हणून गेला होता आणि ती मला लपून करायला सांगत होती. आणि त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. मी खाली बसले आणि तिला म्हटलं, "समजा मी मोजलं आणि तुम्हाला आकडा सांगितला, तरी तो चांगला की वाईट हे मला सांगता येणार नाही. साखरेचं कसं, एवढ्याच्या वर गेली म्हणजे आजार, असं ठरलेलं असतं. याचं अजून तसं काही ठरलेलं नाही. खूप बाळांचं मोजून मगच काहीतरी कळेल."

"मंग तुमले बी माहीत नही," ती म्हणाली.

"नाही."

तिनं मुलीची टोपी सारखी केली. मला वाटलं तिला राग आला असेल. पण तिचा आवाज उलट सैल झाला होता. "माले वाटे का तुमले बठ्ठं माहीत शे आनि तुम्ही सांगत नहीत," ती म्हणाली. "तेनी जास्ती भीती वाटे."

त्या दिवसापासून मी दुपारी थोडा वेळ तिच्यापाशी बसायला लागले. मोजायचं काही नव्हतं. तिच्या माहेरी कापूस असतो आणि सासरी बाजरी, हे मला कळलं. नवरा कामावरून सुटला की रोज एसटीनं येतो, काचेतून बघतो आणि परत जातो. येताना घरून भाकरी आणि ठेचा आणतो. मला ती अर्धी भाकरी द्यायची, आणि ती मात्र मी खायची.

मुलगी वाढत होती. नळी निघाली, मग ऑक्सिजनचा नुसता छोटा पाइप राहिला, मग तोही गेला. सगळ्यांना वाटलं आता घरी जातील. त्याआधी अशा सगळ्या बाळांचे डोळे तपासतात. डोळ्यांचे डॉक्टर आले, मुलीच्या बाहुल्या औषधानं मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत बघत राहिले. मुलीच्या दोन्ही पडद्यांवर नको तशा रक्तवाहिन्या वाढत होत्या. लेझर करावा लागणार होता, आणि तोही लगेच. नाही केला तर नजर जाण्याची भीती होती.

हे मला सिस्टरांनी जिन्यात सांगितलं. लवकर जन्मलेल्या बाळांना हा आजार का होतो ते मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. कारणं बरीच असतात. बाळ किती आधी जन्मलं हे सगळ्यांत मोठं. पण त्या यादीत ऑक्सिजनही असतो.

लेझरच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या विभागात आला. शिपायाला विचारत विचारत वर पोचला असावा. मी नळ्या रांगेत लावत होते. तो दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"ते डॉक्टर सांगतस, डोयाना मांगला पडदा," तो म्हणाला. "तो गंज डोयाले लागना का?"

मी एकदा सांगायचं ते सांगून मोकळी झाले होते आणि त्याचं काय झालं ते पाहिलं होतं. तरी मला दुसरं काही बोलता आलं नाही. "त्याचा संबंध आहे," मी म्हटलं. "तेवढं एकच कारण नाही. ती फार लवकर आली, हे मोठं कारण आहे. पण ऑक्सिजनचाही संबंध आहे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली. "मी लई गयतू तर ती मरी जाती," तो म्हणाला. त्यानं हे मला सांगितलं की स्वतःला, मला कळलं नाही. "आनि ऱ्हावा दिधी तर डोया."

"लेझर चांगला झालाय," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर झाला."

तो माझ्यासमोरच्या नळ्यांकडे बघत होता. "तो रंग माले दखाडा."

मी रांगेतल्या दोन नळ्या काढून उजेडात धरल्या. एक जवळजवळ पाण्यासारखी होती, दुसरी गुलाबी. तो पुढं वाकला. हात मागं बांधून, जसं एखाद्याचं केलेलं जोडकाम तपासावं तसं त्यानं दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं.

"यामा आमनी पोरनं नही ना?"

"नाही. तुमचं मी ओतून दिलं होतं."

"यास्ना मायबापले सांगेल शे का, कोनना रंग कसा शे ते?"

"नाही."

"काबर?"

"सांगून त्यांना काय करता येणार? नुसती भीती वाटेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मलाच माझं वाक्य ऐकू आलं. भीती वाटू नये म्हणून न सांगणं आणि खरं सांगायचं म्हणून सांगणं, या दोन्ही गोष्टी मी एकाच कामात, सोयीप्रमाणे करत होते. त्यानं चपला घातल्या आणि तो गेला. मी त्या दोन नळ्या परत जागेवर ठेवल्या, पण कुठली कुठं होती ते विसरले आणि सगळ्या रांगेचे क्रमांक पुन्हा तपासावे लागले.

त्या संध्याकाळी मी सरांना म्हटलं, मला हा विषय सोडायचा आहे. सर म्हणाले, "सोड. पण इतक्या आयांनी जे दिलंय त्याचं काय करशील? तेही बेसिनमध्ये?" मी सोडला नाही. मात्र पालकांशी बोलायची पद्धत बदलली. आता मी आईला भेटल्याशिवाय कापूस ठेवत नव्हते, मग ती कितव्याही मजल्यावर असो. आणि सुरुवातीलाच सांगत होते की यातून तुमच्या बाळाला काही मिळणार नाही, आणि निकाल आला तरी त्याचा अर्थ मला लावता येणार नाही. काही जणी नाही म्हणायला लागल्या. पूर्वी कुणीच नाही म्हणत नव्हतं. नमुने जमायला वेळ लागला, प्रबंध उशिरा झाला.

निकाल अपेक्षेप्रमाणेच आले. जास्त दिवस ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांचा रंग साधारण गडद होता. साधारण, कारण काही बाळं फार दिवस ऑक्सिजनवर राहूनही फिकी निघाली आणि एकदोन अगदी थोड्या दिवसांत गडद झाली. ते असं का, हे मला समजलं नाही आणि मी तसं लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, या एका पालकांनी माघार का घेतली? मी म्हटलं, त्यांना मोजून काही उपयोग दिसला नाही. परीक्षक हसले आणि म्हणाले, ग्रामीण भागात हे असं होतंच. सर मान खाली घालून बसले होते.

एव्हाना ती मुलगी घरी गेली होती. डोळे तपासायला तिला अधूनमधून आणत. एकदा नेत्रविभागाच्या बाहेर मला तिची आई भेटली. मुलगी अंगानं भरली होती, डोळ्यांवर लवचिक पट्ट्याचा चष्मा. तिच्यासमोर मी किल्ली हलवली तर तिनं हात पुढं केला, पण किल्लीच्या जरा बाजूला. आई म्हणाली, एक डोळा चांगला आहे, दुसऱ्यानं कमी दिसतं. डॉक्टर म्हणतात, मोठी झाल्यावर नीट कळेल.

"तिचे वडील बरे आहेत ना?" मी विचारलं.

"बरा शेतस. बोलतस कमी." मग ती म्हणाली, "पोरले घेतस तवय तिना चष्मा पुसत बसतस. इतका पुसतस का काचवर रेघा पडी ग्यात."

मी तिच्याबरोबर बस थांब्यापर्यंत गेले. ऊन तापलं होतं. तिनं मुलीच्या डोक्यावर पदर धरला होता. पुढची तपासणी कधी, असं मी विचारलं. तिनं महिना सांगितला. तोवर माझा इथला मुक्काम संपणार होता, मी जळगावला परत जाणार होते.

"मी नसेन तेव्हा," मी म्हटलं.

"मंग कोन ऱ्हाई?"

"डोळ्यांचे डॉक्टर असतील. तेच बघतील."

शिरपूरची गाडी आली, सोनगीरला थांबणारी. गर्दी होती. एका बाईनं खिडकीतून हात काढून मुलीला आत घेतलं आणि आई मागून चढली. बसायला जागा मिळाली की नाही ते मला खालून दिसलं नाही.